उपायासह सादर करावे

अध्ययन-विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षांची अन्विता ढोबळे खुर्चीवर शांत बसली होती. कपाळावर शाळेत रोज लागणारी जिज्ञासापट्टी आज नव्हती. समोरच्या पडद्यावर तिच्या मेंदूचा कुतूहलालेख सरकत होता.

"अन्विता, झोपेत माणसाला स्वप्नं का पडत असावीत?" डॉ. मुजावरांनी विचारले. "याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नाही. तुला काय वाटतं ते सांग."

आलेख झपकन वर चढला. मुलीचे डोळे चमकले. अकरा सेकंदांनी आलेख सपाट झाला.

"मग, काय वाटतं?"

"कशाबद्दल, सर?" तिने सौजन्याने विचारले.

काचेपलीकडे उभ्या असलेल्या डॉ. सुमेधा खानझोडे यांनी टेबलाची कड घट्ट धरली. जिज्ञासापट्टी ही त्यांची निर्मिती होती.

तीस वर्षांपूर्वी त्या जंगलाकडेच्या एका आश्रमशाळेत शिकवत. फळ्याकडे पाठ करून बसणाऱ्या मुलांना गणिताची गोडी लावायची म्हणून त्यांनी खटपट सुरू केली. प्रश्न पडला की मेंदूत एक लहर उठते आणि अकराव्या सेकंदाला ती शिगेला पोचते. नेमके तेव्हा उत्तर दिले तर ते कायमचे ठसते, हे त्यांच्या ध्यानात आले. पट्टी लहर ओळखायची आणि त्या क्षणी उत्तर समोर ठेवायची. वर्गात कोणी जांभई देईना. नापासांच्या यादीतली चैताली कुमरे वर्षभरात बीजगणित सोडवू लागली. पाच वर्षांत पट्टी राज्यभर पोचली.

मग यंदा केंद्राने संशोधकांसाठी परीक्षा घेतली. चारशे उमेदवारांनी जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर लिहिली. 'तुम्हांला कोणत्या प्रश्नावर काम करायला आवडेल?' एवढी एक जागा मात्र चारशेही जणांनी कोरी सोडली होती.

अन्विता गेल्यावर मुजावर काचेपलीकडे सुमेधांपाशी आले.

"ज्या प्रश्नाला अकरा सेकंदांत उत्तर मिळत नाही, त्याला हे मेंदू कचरा समजतात आणि टाकून देतात. मुलं कंटाळत नाहीत, चिडत नाहीत. त्यांच्यापुरता तो प्रश्न उरतच नाही."

"लहान मुलांची पट्टी काढली तर?"

"सहा वर्षांच्या वीस मुलांची काढून पाहिली, मॅडम. आठ महिने झाले. काही फरक नाही."

"का?"

"प्रश्न मनात धरून ठेवायला मूल मोठ्या माणसाकडून शिकतं. यांचे आईबाप पट्टीवर शिकलेले, शिक्षकही. मुलानं अवघड काही विचारलं की आधी तेच विसरतात, मग मूल विसरतं."

"मी गोडी लावायला निघाले होते, मुजावर," सुमेधा म्हणाल्या. "भूकच मारली."

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षण संचालनालयात गेल्या. आता सहसंचालक झालेली चैताली कुमरे त्यांना पाहताच उठली आणि वाकून पाया पडली.

"बाई, निरोप धाडायचा ना, मी आले असते."

सुमेधांनी तिला सगळे सांगितले. चैताली पुढे झुकून ऐकत होती. आकडे तिला झटकन उमगले, आलेख तिने स्वतः उलगडून दाखवला. तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे आमची अख्खी पिढी? आणि आमची मुलंही?" तिने घाबऱ्या आवाजात विचारले. "मग करायचं काय, बाई?"

"ते अजून कोणालाच माहीत नाही. शोधावं लागेल. वर्षानुवर्षं."

चैताली त्यांच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी विरली, नजर निवळली.

"चहा घेणार ना, बाई? किती दिवसांनी आलात! सहजच का?"

सुमेधांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. चैताली पुन्हा तशीच घाबरली, पुन्हा तोच प्रश्न तिने विचारला आणि त्याच ठिकाणी पुन्हा हसून चहाचे विचारले.

शेवटी सुमेधांनी पर्समधून लेखी अहवाल काढला. लिहिलेले तरी पुसले जाणार नाही, एवढीच आशा होती. चैतालीने एकोणीस पाने मन लावून वाचली. शेवटची ओळ होती : 'उपाय अज्ञात.' तिथे ती क्षणभर थांबली. मग तिने पेन उचलून समासात सुबक अक्षरात शेरा लिहिला : 'उपायासह पुन्हा सादर करावे.' खाली सही करून अहवाल तिने दोन्ही हातांनी परत दिला.

"छान लिहिलंय, बाई," ती मनापासून म्हणाली.

संध्याकाळी मुजावरांनी तो शेरा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"मंत्र्यांकडे गेलो तर?"

"त्यांचे सचिव चैतालीच्याच वर्गातले."

"उपाय सापडायला किती काळ लागेल?"

"मनासारखी माणसं मिळाली तर पंचवीस वर्षं."

मुजावर त्रेसष्ट वर्षांचे होते, सुमेधा एकोणसाठच्या. पट्टीशिवाय शिकलेला, हाताखाली नव्याने घेण्याजोगा तरुण राज्यात कोणी नव्हता. मुजावरांनी एक खुर्ची ओढून सुमेधांसमोर ठेवली, दुसरीवर स्वतः बसले आणि कोऱ्या कागदावर तारीख घालून खाली लिहिले : 'दिवस पहिला.'