तिसऱ्या हाकेपर्यंत

त्रेचाळीस सालची गोष्ट. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी ज्ञानू अंबी बाजाराला म्हणून हरिपुरातनं सांगलीला चालत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा म्हाळ होता. म्हाळाला गवारीची भाजी पाहिजे, उडदाचे वडे पाहिजेत, खीर पाहिजे. आणि दिवस लढाईचे. साखर रेशनवर, रॉकेल तर दुकानात वासालाही नाही. मिळालं तेवढं पडशीत घालून तो दुपारी परत आला आणि घरी न जाता थेट घाटावर गेला, कारण पलीकडं माणसं नावेसाठी खोळंबली होती.

तुम्ही पोरं या पायऱ्यांवर बसून खिदळता. मघाशी कुणीतरी पलीकडं तोंड करून हाळी पण दिली. म्हणून सांगतोय. ज्ञानूला मी चांगला ओळखायचो. मी तेव्हा इथल्या पेवांवर कामाला होतो, जमिनीत हळद साठवतात त्या पेवांवर, आणि कामासाठी ज्ञानूच्या नावेतनं कितीदा तरी पलीकडं गेलोय. आपल्याकडं नावाड्याला अंबीच म्हणतात. त्याचा बाप अंबी, आजा अंबी. घाटाच्या वरच्या अंगाला दोन खणांचं घर. दारात उभं राहिलं की समोर कृष्णा आणि पलीकडनं तिला येऊन मिळणारी वारणा. घरात ज्ञानू आणि त्याची बायको बयाबाई, दोघंच. एकुलती एक लेक मनू. तिला मागच्या वैशाखात नदीपलीकडच्याच एका गावात दिली होती. लग्न ठरलं तेव्हा बयाबाई सगळ्यांना सांगत सुटली होती, "लेक हाकंच्या अंतरावर ऱ्हायली बघा माजी."

तर त्या दुपारी नावेत मनूच्या सासरगावची धोंडुबाई होती. दही विकायला नेहमी अलीकडं यायची. नाव मध्यावर आल्यावर ती ज्ञानूला म्हणाली, "ज्ञानूदा, तुमच्या मनूनं सांगावा दिलाय."

"काय म्हंती?"

"म्हंती, आजीचा म्हाळ हाय, तर आबाला म्हणावं मला न्ह्यायला ये."  धोंडुबाई खाली पाण्याकडं बघत म्हणाली, "पोरगी लय वाळलीया बगा."

ज्ञानूनं वल्हं दोनदा मारलं. "पितरांच्या पंधरवड्यात लेकीला कशाला आणायची? नवरात्र बसलं की येतो म्हणावं. दोन दिवसांचा तर सवाल हाय."

 संध्याकाळी शेवटच्या फेरीला हाच निरोप घेऊन धोंडुबाई परत गेली.

दिवस मावळताना नदीचा रंग बदलला. वर डोंगरात कुठंतरी पाऊस झाला असणार. वारणेचं पाणी तांबडं होऊन आलं आणि बघता बघता दोन पायऱ्या बुडाल्या. ज्ञानूनं नाव वर ओढून दुहेरी दोरानं बांधली. बयाबाईनं उडीद भिजत घातले. रॉकेल वाचवायचं म्हणून दिवा मालवला आणि दोघं आडवी झाली.

मध्यरात्र उलटून गेली असेल.

पैलतीरावरनं हाक आली. "नाव आनाऽऽ वोऽऽ!"

ज्ञानू उठून बसला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. बाईचा आवाज, आणि ओळखीचा. ज्ञानू लहान होता तेव्हा त्याची आई गवताला पलीकडं जायची. अंधार पडायच्या टायमाला भारा घेऊन काठावर यायची आणि अशीच हाळी द्यायची. शेवटचा 'वो' लांबवायची, आणि टोकाला जाऊन तिचा आवाज थोडा चिरायचा. हा आवाज तसाच चिरला. ती जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती, आणि उद्या तिचाच म्हाळ.

ओ द्यायला त्यानं तोंड उघडलं, तोच बयाबाईचा हात त्याच्या तोंडावर आला. ती पण जागी होती.

"ओ देऊ नगा," ती कानाशी कुजबुजली. "सासूबाईच हायत. पितरं फिरत्यात आज. तिसरी हाक येऊ द्या."

हे तुम्हालाही तुमच्या आयांनी शिकवलं असेल. रात्रीची हाक आली तर तिसरी येईपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतं. दुसरं कुणी असलं तर दोनवर थांबतं.

दुसरी हाक आली. पुराच्या घोंघाटात निम्मी बुडालेली. पण आली.

मग दोघं नवराबायको अंधारात तशीच बसून राहिली. तिचा हात त्याच्या तोंडावर. नदीचा आवाज तेवढा येत होता. ती दोघं वाट बघत होती.

तिसरी हाक आलीच नाही.

बयाबाईनं हळूच हात काढला. "बगा," ती म्हणाली. "मी म्हनलं न्हवतं?" आणि ती झोपली. ज्ञानू मात्र टक्क जागा राहिला.

सकाळी तिनं वड्यांसाठी कढई ठेवली, तेवढ्यात पलीकडनं माणसांचा गलका ऐकू आला. ज्ञानूनं नाव सोडली. पाणी थोडं उतरलं होतं. पलीकडं माणसं नावेची वाट बघत उभी राहतात ना, तो काठच जागेवर नव्हता. रात्रीत केव्हातरी दरड ढासळली होती आणि बैलगाडीएवढा तुकडा नदीनं नेला होता. उरलेल्या कडेला बाभळीच्या फांदीवर एक गाठोडं अडकवलेलं होतं. ज्ञानूनं ते सोडलं. आत एक लुगडं होतं. आणि लुगड्याच्या पदरात बांधलेली मूठभर गवार.

आजीच्या म्हाळाला मनूनं परसातली गवार आणली होती.

नंतर सगळं कळत गेलं. माहेरी जायच्या गोष्टीवरनंच रात्री घरात बोलाचाली झाली. सासूनं तिला बाहेर काढून दाराला कडी घातली. नवरा आतच होता, तो उठला नाही. पोरगी अंधारात एकटी नदीवर आली. तिला वाटलं असेल, बाप अंबी आहे, नाव माझ्या घरची आहे, एक हाक मारली की झालं. मनूला आजीचा गळा होता. लहानपणी सगळी म्हणायची, म्हातारी परत आली बघा पोटाला. ते ज्ञानूला गाठोडं हातात असताना आठवलं. तिसरी हाक मारायला ती आणखी दोन पावलं पुढं, पाण्याकडं सरकली असेल...

ती खालच्या अंगाला, पार लांब सापडली.

ओ दिली असती तर ती वाचली असती का? दरड तशीही ढासळलीच असती का? कोण सांगणार! 'आलोऽ' असं ऐकलं असतं, तर ती जागेवर थांबली असती, मागं बाभळीला टेकून बसली असती, एवढंच ज्ञानूला वाटत राहिलं. ते त्यानं मला एकदा सांगितलं, नाव चालवताना, माझ्याकडं न बघता.

बयाबाईला मात्र तो कधी एका शब्दानं बोलला नाही. ती पण त्या रात्रीबद्दल बोलली नाही. जेवायला बसली की ती उजवा हात पदराखाली धरून तशीच बसून राहायची, आणि ताट पुढं निवून जायचं. ज्ञानू म्हणायचा, "जेव गं." एवढंच बोलणं.

आणि ज्ञानूला एक सवय लागली. रात्री कसलाही आवाज होऊ दे, टिटवी ओरडू दे, पलीकडं कुत्रं रडू दे, तो झोपेतनं उठून दारात यायचा आणि ओ द्यायचा. "आलोऽऽ! थांब, आलोऽऽ!" सगळ्या गावाला ते ऐकू यायचं. पहिल्यांदा लोकं दचकायची. नंतर नुसती कूस बदलायची.

असं वर्ष गेलं. पुन्हा सर्वपित्री अमावस्येची आदली रात्र आली. त्या वर्षी उडीद भिजत घातले नव्हते. दोघं न जेवता पडली होती. झोप कुणालाच नव्हती. नदी फुगलेली.

मध्यरात्र टळली.

"नाव आनाऽऽ वोऽऽ..."

ज्ञानू उठला. वर्षभर टिटवीला ओ देणारा माणूस, पण त्याच्या तोंडातनं आवाज फुटेना.  शेजारी बयाबाई उठून बसली होती. तिनं दोन्ही हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरले होते.

दुसरी हाक आली.

मग शांत.

लांबलचक शांत. नदीसुद्धा ऐकू येईना, असं ज्ञानू सांगायचा.

आणि मग...

"आबा..."

ओरडून नव्हे. हळू. दमलेल्या माणसानं म्हणावं तसं. तरी पलीकडनं इथपर्यंत स्वच्छ आलं.

बयाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. "जावा," ती म्हणाली. "आवं, जावा की. मी कंदील धरते."

तो पळाला. दोर सोडला. पुरात रात्रीची नाव कुणी घालत नाही, त्यानं घातली. वल्हं हाताला लागत नव्हतं, अंधार मिट्ट. नाव आपोआप गेल्यासारखी पलीकडच्या काठाला लागली.

काठावर कुणी नव्हतं.

"मने..."

काही नाही. बाभूळ हलत होती.

"मने, म्या आलोय गं."

नाव एका अंगाला कलली. कुणीतरी काठ धरून चढावं तशी. मग सावरली. आणि पाण्यात चार बोटं खाली बसली.

ज्ञानूनं मागं वळून बघितलं नाही. नाव फिरवली.

भीती वाटली का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, वाटली की.  पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होतं, त्यामुळं भीतीला जागा उरली नव्हती.

"लय वाट बगाय लागली का?" त्यानं विचारलं.

...

"म्या ऐकलं हुतं गं. तवाच ऐकलं हुतं."

...

पाणी वल्ह्यावरनं ठिबकत होतं. मागनं गार वारा. ओल्या लुगड्याचा वास.

नदीच्या मध्यावर आल्यावर आवाज आला. अगदी पाठीशी.

"आई जागी हाय?"

ज्ञानूला रडू आवरेना. "जागी हाय बाळा. ती बग. कंदील घिऊन उभी हाय."



घाटाला लागताना नाव हलकी झाली. चार बोटं वर आली. बयाबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभी होती, कंदील वर धरून. तिला नावेत एकटा ज्ञानू दिसला.

"कुटं हाय?"

ज्ञानूनं नुसती मान हलवली, घराच्या वाटेकडं.

दोघं पायऱ्या चढली. बाजूबाजूनं नाही. मध्ये एका माणसाची जागा सोडून. घरात गेल्यावर बयाबाईनं वाकळ अंथरली. ताट वाढून ठेवलं, भाकरी होती तीच. दार लावलं नाही. मग उंबऱ्याशी भिंतीला टेकून ती बसली, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल बोलली.

"तुज्या आबाचं तोंड म्या दाबलं, मने. म्या दाबलं."

...

 कंदिलातलं रॉकेल संपलं.

मला त्या दिवशी पहाटेच पलीकडं जायचं होतं. घाटावर नाव दिसली, ज्ञानू दिसेना, म्हणून मी घराकडं गेलो. दार सताड उघडं. ज्ञानू अंगणात उकिडवा बसून आत बघत होता. मला बघून त्यानं ओठावर बोट ठेवलं.

बयाबाई उंबऱ्याशी बसल्या बसल्या झोपली होती. लेक गेल्यापासून त्या बाईनं केसाला फणी लावली नव्हती. पार जटा झाल्या होत्या, पेवांवरच्या बायका तिला बघून हळहळायच्या. त्या दिवशी तिचे केस विंचरलेले होते. एकेक गुंता सोडवून. मागं घट्ट बुचडा बांधलेला.

ज्ञानूनं तिला हलवून उठवलं. "ह्यो कवा घातलास?"

तिनं डोक्याला हात लावला. तिचा हात तिथंच राहिला.

मी दारात उभा होतो, तुम्ही बसलाय एवढ्या अंतरावर. डोळ्यांनी बघितलंय. भांग सरळ पाडलेला. आणि त्या भांगात, कपाळापासून मागं टाळूपर्यंत, नदीची बारीक वाळू होती.

ओली.