आतून न उघडणारं दार

काचेवर टकटक झाली आणि माझ्या हातातला चहा माझ्याच मांडीवर सांडला.

बाहेर एक उंच माणूस वाकून आत बघत होता. आमच्याच गॅरेजात, आमच्याच गाडीपाशी! खांद्याला कापडी पिशवी, केसांवर पावसाचे थेंब, आणि चेहऱ्यावर... काय सांगू, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

"कोण तुम्ही?" मी आतूनच ओरडले.

"गाडी न्यायला आलोय... म्हणजे, आज नेत नाहीये. आज नुसती बघायला. तुम्ही जरा बाहेर येता का?"

"दार आतून उघडत नाही. बाहेरून उघडा!"

त्यानं उघडलं. आणि उघडून, दार धरून, बाजूला उभा राहिला. एवढंच. पण बाबा गेल्यापासून ते दार माझ्यासाठी कुणी उघडलंच नव्हतं. एरवी मी सीटवरून सरकत सरकत पलीकडच्या, ड्रायव्हरच्या दारानं उतरायची. त्यामुळे मला उतरायचंच सुचेना. बसले आपली ठोंब्यासारखी.

"तुम्ही उद्या येणार होतात," मी शेवटी म्हटलं.

"हो. पण आजची बस लवकर मिळाली. आणि... उद्यापर्यंत तिथं बसून तरी काय करणार होतो?"

हे वाक्य माझ्या इतक्या ओळखीचं होतं, की मी मुकाट्यानं उतरले.

ही गाडी म्हणजे आमची थोरली. मी जन्मायच्या आधी बाबांनी ती जुनीच घेतली होती. गोल डोळ्यांसारखे दिवे, पुढे बाकासारखी सलग सीट, आणि सायीसारखा रंग. आई म्हणायची, या घरात पहिली लेक हीच आली. मग दादा, मग मी. जाताना बाबांनी वाटणी केली ती एका वाक्यात केली, "थोरली धाकटीला."

दादा परदेशात. त्यानं तिकडूनच जुन्या गाड्यांचा एक व्यापारी शोधला आणि व्यापाऱ्यानं लांबच्या गावचं गिऱ्हाईक शोधलं. "तू एकटी. तुझ्या दवाखान्यापर्यंत चालत जातेस. त्या गाडीचं काय लोणचं घालणार आहेस?" दादा म्हणाला. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला धड कारण सापडेना. काय सांगणार होते? की कामावरून आल्यावर मी रोज चहाचा कप घेऊन गॅरेजात जाते आणि डावीकडच्या सीटवर बसते? घरात कुणी नाही हे घरात फार कळतं हो. गाडीत तेवढं कळत नाही. तिथं बसलं की वाटतं, आत्ता कुणीतरी फिरून येईल आणि दार उघडेल.

आणि दिवसभर तरी मी कुणाशी बोलते? कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते मी. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की त्यानं बटण दाबायचं. गंमत म्हणजे लोक न सोडलेल्या आवाजालाही बटण दाबतात. वाट बघून बघून भास होतात बिचाऱ्यांना.

तर हा माणूस त्या व्यापाऱ्याकडचा, गाड्या पोचवणारा होता. विकलेली जुनी गाडी नव्या मालकाच्या दारात स्वतः चालवत न्यायची, हे त्याचं काम. रविवारी तो थोरलीला नेणार होता. त्याआधी ती लांबच्या रस्त्याला तयार करायची म्हणून गावातच एका लॉजवर उतरला होता. बॅटरी उतरली होती, टायर बसले होते, ब्रेकही धरत नव्हते. मी दवाखान्यातून येईपर्यंत तो फाटकाबाहेर उभा असायचा. मी शटर उघडायची, तो गाडीखाली शिरायचा, आणि मी दोन कप चहा करायची. दोन कप! ओट्यावर दुसरा कप ठेवताना पहिल्या दिवशी माझं मलाच कसंतरी झालं.

"गाड्यांवर फार जीव असेल ना तुमचा?" मी एकदा विचारलं.

"छे! पोचवणाऱ्यानं जीव लावायचा नसतो. नाहीतर दर आठवड्याला रडायची पाळी."

"मग आत्ता बॉनेटवरून हात का फिरवलात?"

"धूळ... धूळ होती."

"मी सकाळीच पुसलीय."

तो घाईघाईनं टायरपाशी वाकला. पण माझं कामच कान बघायचं. त्याचे लाल झालेले कान मला बरोबर दिसले.

हळूहळू तो बोलायला लागला. म्हणाला, "जाताना थाट असतो. रस्त्यात लोक वळून वळून बघतात. पण पोचलो की त्या घरातली सगळी माणसं गाडीभोवती गोळा होतात. कुणी फोटो काढतं, कुणी हॉर्न वाजवतं. आणि मी फाटकापाशी पान्यांची पिशवी धरून उभा. जेवलात का, असं कुणी विचारत नाही. मग बस पकडायची. येताना नेहमी बसनंच."

"आणि घरी?"

"घरी काय... कुलूप."

मी विचारलं फक्त, "जेवलात का?" तो हसला. त्या दिवशी आम्ही गॅरेजातच, थोरलीच्या दाराखालच्या पायरीवर ताटं घेऊन जेवलो.

शुक्रवारी त्याला गाडी रस्त्यावर काढून बघायची होती. "तुम्ही चालवा. मला शेजारी बसून इंजिन ऐकायचंय."

"ऐकणं हे माझं काम आहे."

"आजच्या दिवस माझं."

बाबांनीच मला चालवायला शिकवलं होतं, पण किती दिवसांत चाकाला हात लावला नव्हता. पहिल्याच वळणावर मी गाडी अशी काही उडवली, की त्याची पिशवी खाली पडली. "इंजिन उत्तम आहे," तो गंभीरपणे म्हणाला, "ड्रायव्हरचं नंतर बघू." मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते पहिलं हसण्याचं पाणी.

गावाबाहेर चढावर एक चहाचं दुकान होतं. तिथं थांबवली. "बसा हं, मी येऊन उघडते," म्हणत मी उतरले, बॉनेटला वळसा घातला... आणि तो समोर उभा! आळस देत!

"तुम्ही बाहेर कसे आलात?"

"दारातून."

"कुठल्या?"

"अहो... याच की."

मी आत बसले. दार लावून घेतलं. आतलं हँडल ओढलं. दार उघडलं... साधं कुरकुरलंही नाही. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दुकानदार हातात गाळणी धरून माझ्याकडे बघत राहिला.

"बाबा म्हणायचे, हे हँडल बिघडलंय. जोर लावलात तर तुटून हातात येईल. आणि तो पार्ट आता कुठेच मिळत नाही. म्हणून कुठंही पोचलो, की ते स्वतः फिरून यायचे आणि आईला दार उघडून द्यायचे. 'सावकाश हं,' म्हणायचे. रोज. आई गेल्यावर मी पुढे बसायला लागले, तर माझ्यासाठीही तसेच यायचे."

त्यानं वाकून हँडल नीट पाहिलं. "तुम्हीच सांगितलंत, बाबांनी या गाडीचे दिवे मिळवले, घड्याळ मिळवलं, काचेचं रबरसुद्धा मिळवलं. आणि हेच तेवढं नाही मिळालं?" मग हळू आवाजात म्हणाला, "हे कधी खोललेलंच नाही. स्क्रूवरचा रंग अजून पहिलाच आहे. बिघडलं नव्हतंच हो."

मी हँडल पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"आईंना माहीत होतं?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणणार होते. आणि एकदम मला ती संध्याकाळ आठवली. मी लहान होते, तापानं फणफणलेली, मागच्या सीटवर आडवी. पाऊस कोसळत होता. बाबा औषधं आणायला दुकानात गेले आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाडीतच राहिली. "अगं बाई, चिठ्ठी इथंच!" म्हणत आई दार उघडून पळाली, दुकानात बाबांच्या हातात चिठ्ठी दिली, आणि तशीच पळत येऊन जागेवर बसली. दार लावून घेतलं. घरी आलो तेव्हा ती हात मांडीवर ठेवून, निथळत, बसून राहिली होती. आणि बाबा भिजत फिरून आले. दार उघडलं. "सावकाश हं."

म्हणजे आईला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं! तरी त्यानंतर इतकी वर्षं ती बसून राहिली, आणि ते फिरून येत राहिले. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, पण कधी लक्षातच आलं नव्हतं.

मला रडू आवरेना. त्यानं खिशातून फडकं काढून दिलं, त्याला ऑइलचा वास येत होता. चहा दोघांचाही गार झाला.

परत गॅरेजात आल्यावर मी चावी फिरवली, इंजिन शांत झालं. तो क्षणभर तसाच बसला. मग स्वतःच दार उघडून उतरला. मला वाईट वाटलं... का, ते विचारू नका.

शनिवारी दादाला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सर्दी झालीय," तो म्हणाला. "विकायची की नाही... बघ बाई, तुझी तू. मी आता काही बोलत नाही."

फोन ठेवला आणि घर पुन्हा गप्प झालं. थोरलीला मी देणार नव्हते, तेवढं चढावरच्या त्या दुकानापाशीच ठरलं होतं. पण त्याचं काय? गाडी विकली असती तर तो ती घेऊन गेला असता, आणि परत यायला कारण उरलं नसतं. ठेवली तर तो बसनं जाणार, आणि तरी यायला कारण नाहीच. थोरलीचं काय ते मला ठरवता येत होतं. त्याचं कसं ठरवू? आणि त्याच्या मनात काही आहे असं मला वाटत होतं ते खरं, की मीही न आलेल्या आवाजाला बटण दाबत होते?

रविवारी तो आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

"गाडी देत नाहीये मी," मी एका दमात सांगून टाकलं.

"बरं झालं!" त्याच्या तोंडून निघून गेलं. मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे... आमचे मालक ओरडणार मला."

"सांगा त्यांना, बाई वेडी आहे."

"ते नाही सांगणार." तो खाली बघत हसला. "आलो बसनं, जातोही बसनं. पहिल्यांदाच असं झालं."

"चला, स्टँडवर सोडते."

वाटेत पाऊस लागला. थोरलीचा माझ्या बाजूचा एकच वायपर चालतो, त्यामुळे मला रस्ता दिसत होता आणि त्याला नुसतं पाणी. स्टँड इतक्या लवकर कसा आला कोण जाणे. त्याची बस सुरू होऊन उभीच होती, शेवटची माणसं चढत होती. मी अलीकडे गाडी थांबवली.

"बस सुटेल," मी म्हटलं.

"हो."

"मग उतरा ना."

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. पिशवी मांडीवर, पिशवीवर दोन्ही हात.

"दार..." तो म्हणाला, "आतून उघडत नाहीये."

मी त्याच्याकडे वळले. "परवा तर उघडलं."

"परवाचं परवा. आज बिघडलंय." त्याचे कान लाललाल झाले होते. "आणि पार्ट मिळत नाही म्हणे कुठे..."

मी उतरले. पाऊस थेट मानेवर. बॉनेटला वळसा घालून त्याच्या दाराशी आले, बाहेरच्या हँडलवर हात ठेवला. काचेआडून तो माझ्याकडे बघत होता. उघडलं असतं तर बस मिळाली असती त्याला, अजून हलली नव्हती. मागे बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला... मग ती गेली. जाताना चिखलाचं पाणी माझ्या पायांवर उडवून गेली.

मी हँडलवरचा हात काढला आणि काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली घेतली.

"इथं नाही उघडायचं," मी म्हटलं. "घरी गेल्यावर उघडते."

"आणि तोवर?"

"तोवर गप बसून राहायचं."

तो बसून राहिला. घरी पोचलो तेव्हाही पाऊस होताच. शटर उघडायचं होतं, म्हणून गाडी बाहेरच थांबवली. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले. मी उतरले, भिजत फिरून गेले आणि दार उघडलं.

"सावकाश हं," मी म्हटलं.