दाब, धर, सोड

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पाना घेऊन चाकाशी आडवा, दुसरा ड्रायव्हरच्या जागेवर. चाकाशी असतो तो तीनच शब्द ओरडतो. ‘दाब’ म्हटलं की वरच्यानं पॅडल दाबायचं, ‘धर’ म्हटलं की दाबलेलं तसंच धरायचं, आणि ‘सोड’ ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मध्येच उचलला तर हवा पुन्हा आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. कादिर हे दापोलीला मामाच्या टेम्पोवर शिकला होता. तिथं हाक मारली की चारजण धावत यायचे. कुवेतच्या सरहद्दीला लागून असलेल्या सौदीतल्या अल खफजीत, आखाती युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात, ओ द्यायला माणूस नव्हता.

पहिल्याच दिवशी सरहद्दीपलीकडून तोफांचे गोळे आले आणि गावाबाहेरची तेलाची टाकी पेटली. कंपनीची बस सगळ्यांना भरून दम्मामला गेली. कादिर मागे राहिला तो बायकोसाठी, रुकय्यासाठी. तिला सातवा महिना होता आणि रक्त जात होतं. ‘बिलकुल हलू नका’ असं डॉक्टरनं बजावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरच गावातून हलला. पुढच्या बसचं नाव होतं, बस आलीच नाही. रक्त थांबत नव्हतं. दम्मामच्या हॉस्पिटलात पोचलो तर बाळ राहील, नाही तर नाही, एवढं कादिरला कळत होतं. दुसरं काही कळून घ्यायची त्याची ताकदही नव्हती.

एक जुनी पिकअप तेवढी हाताशी होती. कंपनीचा ड्रायव्हर गुरुनाथ बसमध्ये चढता चढता तिची किल्ली त्याच्या हातात ठेवून गेला होता.

“ब्रेक आधी बघ,” तो म्हणाला होता. “ऑगस्टात कुवेतहून पळून आलेल्या एका माणसाची ही. ब्रेक लागले नाहीत, पुढच्या ट्रकखाली घुसली. बाहेर काढला तेव्हा त्याचा पाय पॅडलवरच होता म्हणे. मी गाडीचं तोंड दुरुस्त करून घेतलं, ब्रेकना मात्र अजून हात लावलेला नाही.”

धर्माची गाय अन् दात का गं नाय! कादिरनं किल्ली खिशात घातली. मग त्यानं चाक खोललं. ब्रेकचे लायनर झिजून रिबिटांवर आले होते. ड्रमच्या आत तेल गळून वाळूशी कालवलं होतं, त्याचा काळा चिखल झाला होता. डबीतलं ब्रेक ऑइल काढ्यासारखं दिसत होतं. कादिर कंपनीच्या गोदामाचा स्टोअरकीपर, किल्ल्या त्याच्याकडेच होत्या, त्यामुळे सामानाची ददात नव्हती. पहाटेपासून लागून त्यानं चारही चाकांचे लायनर बदलले, रबरं बदलली, नवं तेल भरलं. मग राहिली हवा.

तेव्हा दुपार होती म्हणायचं. पेटलेल्या टाकीच्या धुरानं आभाळ असं झाकलं होतं की हात पुढे केला तर बोटं धूसर दिसावीत. जळक्या तेलाचा वास नाकात नव्हे, जिभेवर बसत होता. घरात जाऊन त्यानं रुकय्याला विचारलं. विचारताना त्याला स्वतःची लाज वाटली.

“रुकय्या, नुसतं बसून पायानं दाबायचं हाय. जमल काय गो तुला?”

“येते,” डोळे मिटूनच ती म्हणाली. “तुमी व्हा पुडं.”

तो मागच्या चाकाशी आडवा झाला. चाकामागच्या हवा सोडायच्या निपलला नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं. थोड्या वेळानं वर दार लागल्याचा आवाज झाला आणि गाडी किंचित खाली बसली.

“दाब,” तो म्हणाला. पॅडल दाबलं गेलं.

“धर.” त्यानं निपल ढिला केला. नळीतून बुडबुडे आले, मागून तेल आलं. निपल आवळला. “सोड.”

काम कसं लोण्यासारखं चाललं. चाकामागून चाक झालं. बायको इतकी हुशार निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. एकदाही पाय चुकला नाही, की ‘किती वेळ अजून’ म्हणून कुरकुर नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. शेवटच्या चाकाशी त्यानं ‘धर’ म्हटलं, निपल आवळला आणि ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हाक आली.

“अवो... आयकताव काय?”

हाक घरातून आली होती.

कादिर उठून उभा राहिला. पिकअपमध्ये कुणी नव्हतं. तो दाराच्या काचेपर्यंत गेला आणि आत वाकून बघितलं. ब्रेकचं पॅडल खाली दाबलेलं होतं. तसंच, घट्ट, खाली.

मग तो कुजबुजला, “सोड...”

पॅडल हळूच वर आलं.

तो घरात धावला. रुकय्या अंथरुणात होती, चादर लाल झाली होती.

“तू भायेर आलतीस?” त्यानं विचारलं.

“मी? मना उठताच आला नाय. तुमी भायेर वरडत व्हताव तवा ह्यो आत लाथा मारीत व्हता. लय जोरात... माज्या जीवाला बरा वाटला. जिता हाय.”

दुसरा कुणी असता तर त्या गाडीला पुन्हा शिवला नसता. पण जवळच कुठंतरी गोळा पडला, खिडकीची काच खळकन खाली आली, आणि घाबरायला कादिरजवळ वेळच उरला नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्यानं तिला उचललं, सीटवर गोधडी घालून बसवलं आणि कलमा म्हणत गाडी सुरू केली.

गाव मागे पडेपर्यंत काही झालं नाही. मग पिकअप आपोआप मंदावली. कादिरचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. शेजारचं पॅडल मात्र खाली जात होतं, सावकाश, कुणीतरी विचार करून दाबावं तसं. लायनर तापल्याचा वास आला. गाडी रस्त्यात उभी राहिली.

“सोड,” कादिर म्हणाला. पॅडल वर आलं. पाच-पन्नास हातांवर पुन्हा खाली गेलं. “सोड... सोड रे बाबा...” पुन्हा वर, पुन्हा खाली. दर खेपेला ते जास्त वेळ खाली राहू लागलं.

“कुनाशी बोलताव?” रुकय्यानं विचारलं. ती दाराला चिकटून बसली होती.

“कुनाशी नाय. तू हिकडं सरक, दाराला टेकू नको.”

“सरकू कुठं? मधे जागाच कुठं हाय?”

मधे वीतभर नव्हे, चांगली माणूसभर जागा होती. कादिरनं तिकडं पुन्हा बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तो कुवेतचा माणूस आला, मेल्यावरही ब्रेक दाबत बसलेला. आयुष्यात लागला नाही तो ब्रेक आता कादिरनं त्याला नवाकोरा करून दिला होता. स्वतःच्या हातांनी! मागं तोफा धडधडत होत्या, रुकय्याचा चेहरा पिठासारखा झाला होता, आणि गाडी जागची हलेना. तो खाली उतरला, रडत रडतच चाकाशी आडवा झाला आणि इतक्या मेहनतीनं आवळलेला निपल त्यानं उघडून टाकला. वर पॅडल दाबलं जात होतं, दर दाबाला तेलाची चिळकांडी वाळूत जात होती. चिळकांडीची धार झाली, धारेचे थेंब झाले. मग थेंबही येईनात.

मग मात्र गाडी धावली. बिनब्रेकची, धुरातून, दिवे लावून. रस्ता सपाट होता, एवढीच खुदाची मेहेरबानी. पॅडल रिकामंच खालीवर होत होतं. धप्... धप्... आणि रुकय्या पोट धरून कण्हत होती. लाथा थांबत नव्हत्या म्हणाली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. पुढे कुठंतरी ती धपधप मंद होत गेली आणि बंद पडली.

“अवो,” रुकय्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “आता नाय दुकत. निजला वाटता.”

कादिरच्या मनावरचं ओझं उतरलं. सुटलो, असं वाटलं त्याला. बिचाऱ्यानं गाडी चालवता चालवता अल्लाचे आभार मानले.

दम्मामला हॉस्पिटलच्या आवारात इंजिन बंद करून, कठड्याला घासत त्यानं पिकअप थांबवली. नर्स केरळची होती. तिनं पोटाला कान लावला, पुन्हा लावला, आणि त्याच्याकडे वळली.

“भैया, बच्चा कब से नहीं हिला?”

कादिरला ते माहीत होतं. धपधप बंद पडली होती, तेव्हापासून.

मुलगा होता. सगळं रीतसर होतं, नाक, कान, नखंसुद्धा. मय्यत धुवायला एक म्हातारा पाणी ओतत होता आणि कादिर हात फिरवत होता. बाळाचा डावा पाय पोटाशी मुडपलेला होता, बाळांचा असतो तसाच. उजवा मात्र सरळ ताठ होता, पुढे रेटलेला, आणि काही केल्या वाकेना. कादिरनं तळवा उलटा करून दिव्याकडे धरला. चिमुकल्या तळव्यावर आडव्या रेघा उमटल्या होत्या, काळ्या, एकाखाली एक, पॅडलच्या रबरावर असतात तशा. त्यानं साबण लावला. चोळल्या. गेल्या नाहीत.

कुवेतच्या माणसाला त्यानं उगाच बोल लावला होता. आपण ‘धर’ म्हटलं होतं आणि कुणीतरी ते ऐकलं होतं, बापाचं ऐकावं तसं. त्या घरातून, त्या गावातून निघू नये असं पोराला का वाटलं असेल, ते तोच जाणे. कादिरनं पाय कफनात गुंडाळला आणि म्हाताऱ्याला काही दिसू दिलं नाही.

वॉर्डात रुकय्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो जवळ बसला. तिनं विचारलं, “कुनावर गेलता?”

“तुज्यावर,” कादिर म्हणाला.

ती रडली नाही. तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि चादरीखाली आपल्या पोटावर ठेवला. पोट रिकामं होतं, सैल पडलं होतं.

“डाक्टरना सांगा कायतरी,” ती कुजबुजली. “मगासपासून...”

कादिरच्या तळहाताला आतून दाब लागला, सावकाश, आणि मग तो तसाच राहिला.