नेढ्याअलीकडचा दोरा

मखमलाबादच्या त्या घराच्या ओट्यावर सकाळचं ऊन कधीच एकदम येत नसे. आधी ते समोरच्या शेवग्याच्या शेंड्यावर रेंगाळे, मग पत्र्यावरून घरंगळत झेंडूच्या ओल्या ढिगावर उतरे, आणि त्या केशरी उजेडाची मंद आभा छायाताईच्या गालावर पसरे... आई-वडिलांमागे तीच धाकट्या भावाचं, कुंदनचं घर होती. हे ऊन तो रोज पाहत असे. आजही पाहत होता. फक्त काळ्या चष्म्याआडून, आणि आपली उजवी बाजूच तिला दिसेल असा बसून.

“हिरो, सावलीत कसला गॉगल?” हार करता करता ताई हसली. “पोरीवाले येणार हायेत का बघायला?”

“ऊन टोचतं गं.”

त्याच्या देहात ताईचीच किडनी होती. शरीरानं ती परकी मानू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या त्याला जन्मभर घ्यायच्या होत्या; म्हणूनच माती आणि कुजकी फुलं डॉक्टरांनी वर्ज्य केली होती. पण दसऱ्याच्या तोंडावर ताई तापानं फणफणली, तोडलेला झेंडू घरातच कुजू लागला, आणि ती झोपलेली पाहून कुंदन गुपचूप फुलं निवडायला बसला. एक काडी डाव्या डोळ्यात गेली. त्यानं घरच्या गुलाबपाण्याचे थेंब घातले... डोळा निवण्याऐवजी पेटला, बुबुळावर पांढरा डाग उमटला. बुरशी! मोबाइलवर त्यानं वाचलं होतं. डॉक्टरांना कळलं तर शरीराला बुरशीशी लढता यावं म्हणून ते गोळ्या कमी करतील, आणि मग ताईनं दिलेलं ते दान...! त्यापुढे एका डोळ्याचं मोल ते काय! त्यानं ताईला काही कळू दिलं नाही.

“हे घे, ओवून दे.” ताईनं हाराची लांब सुई पुढे केली. हे काम लहानपणापासून त्याचंच होतं. पण आज दोरा नेढ्याच्या अलीकडेच थांबला. पुन्हा चुकला... पुन्हा...

ताईचं हसू मावळलं. तिनं हात लांबवून त्याचा चष्मा काढला.

“अगं बाई! कुंदन, हे काय रे? कधीपासून?”

“ताई, दवाखाना नको. गोळ्या कमी केल्या तर तुझी किडनी जाईल गं...”

“माझी? येड्या, ती काय पेटीतली पैठणी हाय, घडी मोडू नये म्हणून जपायला? दिली तवाच तुझी झाली! मी ती तुझ्यासाठी दिली रे... तू तिच्यासाठी आंधळा व्हायला नाय!”

त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. कित्येक दिवस कोंडलेला हुंदका अखेर फुटला. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचेही अश्रू त्याच्या केसांत ओघळत होते.

“हार राहू दे. रिक्षा बोलावते. पण आधी खरं सांग.” तिनं पदरानं त्याचा उजवा डोळा अलगद झाकला. “मी दिसते का?”

सवयीचं ‘हो’ त्याच्या ओठांशी आलं. तिच्या गालावर या वेळी ऊन असतं, हे त्याला पाठ होतं...

“नाही, ताई.”

डाव्या डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं.