येलदरीच्या रस्त्यावरची पांढरी गाडी

येलदरीच्या रस्त्यानं मी दिवस मावळल्यावर का जात नाही, असं तुम्ही विचारलंत. बसा. दिव्याची वात जरा मोठी करतो, मग सांगतो.

जिंतूरला नाक्यावर माझं पत्र्याचं दुकान होतं. गळक्या रेडिएटरला डाग देऊन भोक बुजवायचा माझा धंदा. शेजारी सूर्यभानचं गॅरेज. तो मूळचा झरीचा, तरुणपणी मुंबईत शर्यतीच्या गाड्यांवर काम करून आलेला. त्याची बायको पंचफुला मला भाऊजी म्हणायची. एका संध्याकाळी कापूस वेचून परत येताना तिला येलदरीच्या रस्त्यावर दत्तराव जमीनदाराच्या पांढऱ्या गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. बाभळीच्या बुडाशी ती बराच वेळ जिवंत होती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

नामांतराच्या दंगलीची धग तेव्हा गावोगाव होती. एका बौद्ध बाईसाठी दत्तरावासारख्या बड्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायला कुणी पुढं आलं नाही. केस मिटली.

आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच दत्तराव तीच पांढरी गाडी घेऊन सूर्यभानच्या दारात आला. मागच्या सीटवर एक निळी टाकी आडवी टाकलेली.

"सूर्या, परभणीच्या ठेकेदारानं शर्यतीत लोकांदेखत माझं नाक कापलंय. दुबईहून भावानं हे सामान आणलं. टाकीत दवाखान्यातला भुलीचा गॅस हाय. इंजिनाला दिला की गाडी उडती म्हणं. तुझ्याबिगर हितं कुणाला जमणार?"

पंचफुलाचं नाव नाही, नजरेत ओशाळलेपण नाही. सूर्यभान गाडीच्या पुढच्या दिव्याकडं पाहत राहिला. एक दिवा जुना होता, एक नवा.

"बसवतो," तो म्हणाला.

दत्तराव गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. "सूर्यभान, तुझ्या मनात काय हाय ते मला कळायलंय. पण पोलीस आधी तुलाच धरतील."

"मनात लय काही हाय, चंद्रभान. पण हे हात बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतेत. ह्या हातांनी मी कुणाला मारणार न्हाई. काम चोख करीन."

आणि त्यानं केलंही चोख. या गॅसनं इंजिनातली आग भडकते, म्हणून त्याच्या जोडीला जादा पेट्रोल द्यावं लागतं, नाहीतर पिस्टन वितळतो. त्यानं पेट्रोलची वेगळी नळी ओढली. गॅस अगदी थोडा जाईल असं बारीक तोंड बसवलं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच गॅस सुटेल आणि पाय काढताच बंद होईल, असं बटण पेडलखाली लावलं. टाकी मागच्या सीटशेजारी लोखंडी पट्ट्यांनी आवळली. दाब वाढलाच तर गॅस बाहेर निघून जावा म्हणून एक नळी गाडीबाहेर काढली. प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्यानं तपासला.

मग त्यानं टाकी उघडून पाहिली. फुस्स आवाज झाला, गोडसर वास आला. हा गॅस टाकीतून सुटताना थंडगार होतो, त्यामुळं नळीवर बर्फाचा पांढरा थर धरला. तेवढं ठीक होतं. पण तो थर टाकीवर पसरला, सीटवर पसरला, आणि मागच्या काचेवर आतून एक पंजा उमटला. बाईचा. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं.

सूर्यभाननं तो पुसला नाही. "सपनात तिला म्हणलं होतं मी… मला हे करायला लावू नको…" एवढंच पुटपुटला.

संध्याकाळी चाचणी ठरली. सूर्यभान गाडीत बसेना. "चंद्रभान, तू जा. टाकीची चावी तुझ्या हाताशी हाय. काही वाटलं तर बंद कर."

ऊन कलतं होतं, रस्ता मोकळा. दत्तराव खुशीत होता. त्यानं पाय पूर्ण दाबला आणि गाडीनं अशी उसळी मारली की माझी पाठ सीटला चिकटली. दत्तराव मोठ्यानं हसला. मागून अजून कुणीतरी हसलं.

त्याचं हसू थांबलं. "कोण…?"

त्यानं आरशात पाहिलं आणि पाय उचलला. गाडी हळू झाली नाही. त्यानं ब्रेक दाबला, किल्ली फिरवून बाहेर काढली. इंजिन तसंच गरजत राहिलं. मी मागं वळून टाकीची चावी आवळली. बर्फानं बोटांचं कातडं सोललं. टाकी बंद झाली, नळी ढिली पडली, तरी गाडी पळतच होती. गाडीत ओल्या कापसाचा वास दाटला.

"थांबव…" दत्तराव रडकुंडीला आला. तो माझ्याशी बोलत नव्हता. आरशाशी बोलत होता. "चुकलं माझं… थांबव बाई…"

"मी बी म्हणलं होतं, थांबव."

आवाज अगदी हळू होता. बाभळीचं झाड समोर आलं, आणि तिथं गाडी एकाएकी बैलगाडीच्या चालीनं चालू लागली. माझ्या बाजूचं दार आपोआप उघडलं.

"उतरा, भाऊजी."

मी उतरलो. पडलोच म्हणा. दत्तराव त्याच्या दाराला धडका देत होता, ते उघडत नव्हतं. दार मिटलं आणि गाडी येलदरी धरणाच्या दिशेनं सुसाट गेली. मागच्या काचेतून मला एक डोकं दिसलं, डोक्यावर कापसाचं गाठोडं. ते दत्तरावाकडं झुकलं होतं.

अंधार पडायच्या आत गाडी धरणाजवळ उभी सापडली. साधा ओरखडा नाही. दत्तराव स्टिअरिंग धरून बसलेला, तोंड उघडं, मिशांवर बर्फ. ब्रेकचं पेडल पार वाकलेलं. पोलिसांनी सूर्यभानला धरलं, पण बाहेरगावचे जाणकार येऊन तपासून गेले आणि काम निर्दोष आहे असं लिहून दिलं. त्याला सोडावं लागलं. घरी आल्यावर तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. बायको गेली तेव्हाही तो रडला नव्हता.

गाडी मात्र चौकीच्या आवारात पडून राहिली. हळूहळू चाकं चोरीला गेली, बॅटरी गेली, इंजिन लिलावात निघालं. नुसता सांगाडा विटांवर उरला. मागच्या पावसाळ्यात पंडित हवालदार माझ्याकडं आला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "चंद्रभान, एकदा येऊन बघ. मला तर काही कळंना झालंय."

मी गेलो. दिवस मावळतीला होता. काचेवरची धूळ पुसून आत पाहिलं.

किलोमीटरचा आकडा सावकाश फिरत होता.