आत कोणी आहे का?

दार बंद झालं, कुलपात किल्ली फिरली आणि ऑर्गनखाली डोकं घालून पडलेल्या तिच्या तोंडचं पाणी पळालं.

चर्चमधली उपासना संपून मंडळी केव्हाच चहाला पांगली होती. ऑर्गनचं एक पेडल कुरकुरत होतं, म्हणून ही जमिनीवर उताणी पडून त्यात तेल घालत होती. ती धडपडत उठली, डोकं लाकडावर आपटून घेतलं आणि बाकांमधून धावत जाऊन दारावर थापांवर थापा मारू लागली.

दार उघडलं तेव्हा बाहेर एक उंच तरुण उभा होता. हातात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा, आणि चेहरा भूत पाहिल्यासारखा पांढरा.

"आत... कोणी होतं?" त्याने विचारलं.

"नाही. दारच आपलं आपण थापा मारत होतं."

त्याने माफीवर माफी मागितली, शेवटी तिलाच अवघडल्यासारखं झालं. तिच्या कपाळावर तेलाचा काळा डाग होता. तो पुसायला त्याने खिशातला रुमाल पुढे केला, तर रुमाल डागाहून काळा निघाला. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खिशात दुसरं काय असणार? तेव्हा मात्र दोघंही हसले.

ती नोकरीनिमित्त बरीच वर्षं बाहेर राहून नुकतीच आत्याच्या घरी परतली होती, आणि ऑर्गनवरचा तिचा तो पहिलाच रविवार. मधल्या काळात हा तरुण चर्चच्या या मंडळीत आला होता आणि सगळ्यांत तरुण पंच झाला होता. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, जोडीने हे पंच मंडळीचा कारभार बघत: कोण आजारी आहे त्याला भेटायचं, छप्पर कुठे गळतंय ते पाहायचं, कुणाच्या घरात भांडण पेटलं तर मध्ये बसायचं. इमारतीच्या किल्ल्या याच्याकडे, म्हणून सगळे त्याला किल्लेदार म्हणत. ती लवकरच सगळ्यांची ऑर्गनवाली झाली.

त्या दिवसापासून किल्लेदाराने नेमच केला. कुलूप लावण्याआधी तो दारात उभा राहून मोठ्याने विचारायचा, "आत कोणी आहे का?" ती समोर ऑर्गनवर ढळढळीत दिसत असली तरी विचारायचा. ती "नाही" म्हणायची. मग तो "बरं, लावतो कुलूप" म्हणून आत येऊन पहिल्या बाकावर बसायचा. ऑर्गन हल्ली सारखा बिघडायला लागला. नवाच घ्यावा का, असं पाळक एकदा म्हणाले, तर दोघांनी घाईघाईने सांगितलं की तशी काही गरज नाही.

दार जुनं आणि जड होतं. कुलूप लावताना ते गुडघ्याने किंचित उचलावं लागे. ती युक्ती त्याने तिला शिकवली. शिकवताना दोघांचे हात एकाच मुठीवर आले आणि — बराच वेळ कुणालाच हात काढायचं सुचलं नाही.

असंच एकदा तिने त्याला आत्याची गोष्ट सांगितली. आत्या तरुणपणी पंच होती, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तर तिनेच. पुढे तिने लग्न केलं तेही एका पंचाशीच. एका घरातले दोघं पंच नकोत, हा मंडळीचा जुना नियम. दोघांपैकी कुणी पद सोडायचं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आत्यानेच सोडलं. आता ती चाकाच्या खुर्चीत होती. दाराच्या पायऱ्या माणसांनी उचलून चढवलेलं तिला मुळीच आवडत नसे, म्हणून रविवारी घरीच बसे. पायऱ्यांच्या बाजूने उतार बांधा, असं ऑर्गनवाली पंचांना सांगून थकली होती. पंच माना डोलावत आणि विसरत. किल्लेदाराने विषय काढला की तो पुढच्या बैठकीवर जाई.

"तू स्वतःच पंच हो ना," तो म्हणाला. "तू मागे लागलीस तर कुणाला झोप लागायची नाही."

"आणि उद्या माझ्यावर आत्यासारखी वेळ आली तर?"

"तर काय करशील?"

तिने उगाच ऑर्गनची एक पट्टी दाबली. "चिडेन. रडेन... आणि सोडेन बहुतेक. आवडत्या माणसाला 'तू सोड' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही."

परतताना तो वाटभर जुडग्यातल्या किल्ल्या मोजत होता, आणि आपण जास्तच बोलून बसलो असं तिला वाटत राहिलं.

मग निवडणुकीचा रविवार आला. एक म्हातारे पंच निवृत्त होत होते, जागा एकच. नाव कोण सुचवतंय, असं पाळकांनी विचारलं. किल्लेदार उठला आणि सरळ ऑर्गनकडे बोट दाखवून म्हणाला, "ही."

तिचा कानांवर विश्वास बसेना. तिने नाही नाही म्हणून मान हलवली, पण तोवर मागच्या बाकावरच्या दोन आजी अनुमोदन द्यायला उठल्याही होत्या. मग दारातल्या त्या पायऱ्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या आणि मान हलायची थांबली. भराभर हात वर झाले. पाळकांनी ते मोजायचं अर्ध्यावरच सोडून दिलं. ऑर्गनवाली पंच झाली.

ती भानावर येते न येते तोच किल्लेदार पुन्हा उठला. पुढे आला, जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी पंचपद सोडतो."

आता अख्ख्या मंडळीने आ वासला. ती जुडग्याकडे बघत राहिली. माझ्यासोबत बैठकीला बसायचं नाही याला? मग नाव कशाला घेतलं? की कुठे निघून चाललाय...

पाळकांनी चष्मा काढला. "कारण?"

"एका घरातले दोघं पंच नकोत, असा आपला नियम आहे."

"आहे ना. पण तुम्ही दोघं कुठे एका घरातले आहात?"

किल्लेदाराने घसा खाकरला. "आज नाही."

ऑर्गनवालीचं कोपर घसरून पट्ट्यांवर पडलं आणि ऑर्गनने असा हंबरडा फोडला की पुढच्या बाकावरचं तान्हं बाळ रडायला लागलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आणि त्याच वेळी भयंकर राग आला. ती ताडकन उठली.

"मला न विचारता?"

"विचारायचंच आहे," तो म्हणाला. "पण आधी विचारलं असतं तर आज तू नाव मागे घेतलं असतंस. तूच म्हणाली होतीस."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी तू पंच आहेसच. मी मागच्या बाकावर बसेन. नुकसान झालं तर माझं एकट्याचं."

पाळकांना तिची दया आली आणि त्यांनी शेवटचं गीत सांगितलं. तिने पहिलं कडवं चुकीच्या सुरात वाजवलं आणि दुसरं भलत्याच वेगात. मंडळी धापा टाकत मागून धावली. नंतर जो तो वळून वळून बघत चहाला गेला. दोन्ही आजी दारातच मुक्काम ठोकण्याच्या बेतात होत्या, त्यांना पाळक हाताला धरून घेऊन गेले.

टेबलावर जुडगा तसाच पडला होता. कुलूप आता तिनेच लावायचं होतं. उचलला तर वाटलं होतं त्याहून जड निघाला. ती दारापाशी गेली, थांबली, आणि आत न बघताच तिने विचारलं.

"आत कोणी आहे का?"

"आहे," मागच्या बाकावरून आवाज आला.

तो खरोखरच तिथे बसला होता. त्याच काळ्या रुमालाने घाम पुसून पुसून कपाळ काळं झालं होतं.

"मंडळीसमोर बोललास ते बोललास," ती म्हणाली. "आता मला एकटीला सांग."

तो उठून उभा राहिला. "त्या दिवशी तुला कोंडलं ना... तेव्हापासून मला चैन नाही. आधी वाटलं, चूक झाली म्हणून असेल. मग कळलं की तसं नाहीये. माझं प्रेम आहे तुझ्यावर. लग्न करशील माझ्याशी?"

तिने मुठीत किल्ल्या घट्ट धरल्या.

"बाहेर ये," एवढंच ती म्हणाली.

तो आला. तिने दार ओढलं, गुडघा लावला, किल्ली फिरवली. कुलूप लागेना. त्याचे हात पुढे आले आणि त्याने ते पटकन पाठीमागे नेले. तिने पुन्हा गुडघा लावला. या वेळी किल्ली फिरली.

"पहिल्या बैठकीत उताराचा विषय," ती म्हणाली. "पुढे ढकलला तर सगळ्यांना आत कोंडून ठेवीन."

"ठेवशील. मला माहीत आहे."

"उतार झाल्याशिवाय लग्न नाही. माझ्या लग्नाला आत्याला कुणी उचललेलं मला चालणार नाही. तिची ती येईल खुर्ची चालवत."

तो मान डोलावत होता. मग मान डोलवायची थांबली आणि डोळे विस्फारले.

"म्हणजे... हो?"

"हो."

आ वासायची पाळी आता त्याची होती. ती जुडगा पर्समध्ये टाकून चहाकडे चालायला लागली. मागे पावलं ऐकू येईनात, म्हणून तिने वळून पाहिलं, तर तो तिथेच उभा. मग ती परत आली, त्याचा हात धरला आणि त्याला चहाला घेऊन गेली.