एका गळ्यातलं घर

टेक एक

मिठबावच्या भिकाजीबुवांच्या घरात कोणी नुसतं बोलत नसे. भाकरीला मीठ मागायचं तरी सुरात. बुवा गावच्या भजनात पुढे गायचे, थोरला गुरुदास मागून उचलायचा, आणि हौसाबाईची जात्यावरची ओवी माडांपलीकडे वाळूत जाळी सुकवणाऱ्यांना ऐकू यायची. गळ्याने कच्ची एकटी धाकटी लेक रुक्मिणी.

"तुझो गळो म्हणजे सुताचो धागो गो," गुरुदास चिडवायचा. "वाऱ्यार उडान जायत!"

तरी मुंबईला सिनेमाच्या गाण्यांत कोरस धरायला बोलावणं आलं, ते तिलाच. साल त्रेपन्न. निघण्याआधी रिवाजाप्रमाणे देवळात गाऱ्हाणं झालं. घरच्यांच्या वतीने मागणं मांडायला गावकर हरिश्चंद्र देवापुढे उभा राहिला.

"ह्या घराचो सूर ह्या चेडवाच्या गळ्यात ऱ्हवांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बुवा, हौसाबाई, गुरुदास एका दमात म्हणाले. घरच्यांनी होकार दिला की गाऱ्हाणं पक्कं.

टेक दोन

कोरस गाणाऱ्या बाईने मागे उभं राहायचं. नाव नाही, चेहरा नाही. चुकली तरच तिच्याकडे लक्ष जातं.

पहिल्याच महिन्यात रेकॉर्डिस्टने गाणं थांबवलं. "बायकांच्या कोरसमध्ये पुरुष कोण घुसलाय?"

कोणी नव्हतं. परत वाजवून पाहिलं. रुक्मिणीने तो खर्ज ओळखला. शब्दाच्या शेवटी जरासा खाकरणारा.

त्याच आठवड्यात गाववाला सत्यवान बोटीने आला. "बुवांचो आवाज बसलो गो. एकदम. तोंड उघडतत, पण नुसतो वारो येता."

तंबाखू, ती म्हणाली.

टेक तीन

मग गुरुदास. लोक म्हणाले, ताप डोक्यात गेला. मग हौसाबाई. तिच्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

मधल्या काळात रुक्मिणीचं लग्न झालं, नवरा वर्षभरात वारला, आणि मागे राहिलेली बाबली आजोळी वाढू लागली. तीन मुक्या माणसांच्या घरात ती पोर दिवसभर बडबडायची. तिला र म्हणता येत नसे. गाऱ्हाणं झालं तेव्हा ती जन्मलीही नव्हती, हे रुक्मिणी मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची.

कोरसला आता चार बायकांऐवजी तिला एकटीला बोलवत. ती गाऊ लागली की पाठीशी माणसं उभी असल्यासारखं वाटायचं. वादक कधीकधी मान वळवून बघत.

टेक चार

बासष्टात एका संगीतकाराने तिला बाजूला घेतलं. "अंगाई आहे. तुम्ही एकट्या गायची. रेकॉर्डवर तुमचं नाव. पण गळा हाच हवा, हा भरलेला."

त्या आनंदात ती बाबलीला भेटायला गावी आली, तर सगळे तिला घेऊन देवळात निघाले. बुवांनी खुणा करून करून हरिश्चंद्राला समजावलं होतं. दुपारची वेळ, फरशी तापलेली. हरिश्चंद्राने हात जोडले.

"जा काय ह्या घरातसून गेला आसात, ता ह्या घराक परत मिळांदे, रे म्हाराजा!"

बुवांचे ओठ हलले. हौसाबाईचे, गुरुदासचे हलले. देवळात आवाज झाला नाही.

"तू म्हण गो रुक्मिणी," हरिश्चंद्र म्हणाला. "घरच्या माणसानच म्हणूक व्हया. जो व्हय म्हणता, तेच्याच गळ्यातसून देव देता. माझ्या म्हणण्यान काय्येक जावचा नाय."

रुक्मिणीने आईकडे पाहिलं. हौसाबाईने पदर पसरला होता, देवापुढे नाही, लेकीपुढे. रुक्मिणीला माइक दिसला. रेकॉर्डवरचं नाव दिसलं. आपला सुताचा धागा आठवला.

तिने दात आवळले.

गुरुदास पुढे आला. त्याने तिचा खांदा धरून गदागदा हलवलं. तिने तोंड उघडलं नाही.

"व्हय म्हालाजा!"

बाबली. आजीच्या लुगड्यामागून, हसत, ठणठणीत आवाजात.

रुक्मिणीने झडप घालून तिचं तोंड दाबलं. मग हात काढला. "बोल गो बाबल्ये. काय्यपन बोल."

"तुझ्या हाताक घाम इलो," बाबली म्हणाली.

रुक्मिणी हसली. दुसऱ्याच दिवशी तिने देवगडहून बोट धरली.

टेक पाच

अंगाई एका दमात झाली. गळा भरलेलाच होता. बाप होता, भाऊ होता, आई होती, सगळे आपापल्या जागी.

कुणाचं काही परत गेलं नव्हतं. रेकॉर्डिस्ट उठून उभा राहिला. काचेपलीकडून वादकांनी टाळ्या वाजवल्या.

एकही टेक फुकट गेला नाही.

प्लेबॅक

रेकॉर्ड घेऊन ती गावी आली. पाणंदीतच तिला घरातली बडबड ऐकू आली. हसणंही. ती धावली.

बुवा ओटीवर बसले होते. पांढऱ्या मिशांखालचं तोंड उघडलं.

"आये, किती उशील केलंस गो!"

बाबलीचा आवाज होता.

गुरुदास घरापुढच्या खळ्यात लाकडं फोडत होता. तो त्याच आवाजात खिदळला.

बाबली उंबऱ्यात उभी होती. रुक्मिणीने तिचा हात गच्च धरला. "बोल. बाबल्ये, बोल!"

बाबलीने आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलले.

आत चुलीपाशी हौसाबाई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वळवली नाही.

"आये," ती म्हणाली, "हात सोड. दुखता."